निहाली : उसन्या शब्दांचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलली जाते. बोलणारे सुमारे २,००० ते २,५००. कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही अभ्यासकांनी तिच्याकडे पाहिले ते प्रामुख्याने उसनवारीच्या बाजूने.

ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात स्टेन कोनो यांनी तिला कोरकूबरोबर मुंडा भाषांत बसवले. १९६२ मध्ये डच अभ्यासक कायपर यांनी उपलब्ध शब्दांची छाननी केली. एक तृतीयांशाहून अधिक शब्द कोरकूशी जुळले, काही द्राविडी निघाले. सुमारे चौथा हिस्सा मात्र कुठेच जुळेना. ही छाननी आजही मोलाची आहे. परंतु ही मुळात एखाद्या टोळीची गुप्त बोली असावी, ही त्यांनी मांडलेली शक्यता पटत नाही. निहालांच्या लूटमारीविषयीच्या जुन्या नोंदींचा आधार तिला होता. समाजाची बदनामी हा भाषेविषयीचा पुरावा कसा ठरेल? शिवाय गुप्त बोली ही सहसा मातृभाषेच्या जोडीला, मोठेपणी शिकलेली असते. निहाली मुले घरात शिकतात. पाण्याला ‘जोप्पो’, विस्तवाला ‘आपो’ हे शब्द काही चोरून बोलण्यासाठी घडवावे लागत नाहीत.

दोन ते चार हे आकडे द्राविडी, पुढचे आर्य, म्हणून निहाली ‘मिश्र’ म्हणायची, तर अण्णा-अक्का कानडीतून आणि वकील-कागद फारसी-अरबीतून घेणाऱ्या मराठीला काय म्हणायचे? मराठीच्या पाठीशी जुने ग्रंथ आणि शिलालेख आहेत, म्हणून तिची उसनवारी समृद्धी ठरते. निहालीपाशी लेखी वारसा नाही, म्हणून तीच गोष्ट तिचा कमीपणा ठरते.

के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रसिद्ध केले. त्यात शब्दसंग्रहाबरोबर संहिताही आहेत, म्हणजे भाषा सुट्या शब्दांच्या यादीतून बाहेर येऊन वाक्यांत दिसते. परंतु १९७१ पासून जनगणनेत १०,००० पेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत. ज्या भाषेला कुळ नाही, तिला सरकारी तक्त्यातही ओळ नाही. ‘एकाकी’ हा शब्द आपल्या तुलनेची मर्यादा सांगतो. तिच्या भाषकांना शेजार आहे, कोरकूंचा आणि आपलाही. त्या शेजारधर्माला जागायचे, तर निहालीचा अभ्यास तिच्याकडे उरलेल्या त्या चौथ्या हिश्शापासून सुरू व्हायला हवा.