वेतन आणि उंबरठा

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेची चर्चा बहुधा विद्रोहाच्या अंगाने होते. तीतील वर्ग आणि जात यांच्या संबंधाची मांडणी त्यामुळे दुर्लक्षित राहते. कथेचा निवेदक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो. वेतन त्याला मिळते. खोली मिळवताना मात्र जातीचा प्रश्न आडवा येतो. कामावर तो श्रमिक असतो, घराच्या उंबरठ्याशी अस्पृश्य.

औद्योगिक श्रमाने जातिभेद आपोआप विरघळेल, ही धारणा येथे कसाला लागते. जात श्रमाबरोबर श्रमिकांचेही विभाजन करते, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखविले होते. बागूल त्या विभाजनाची जागा नेमकी दाखवितात: अन्न आणि निवारा.

शीर्षकातील क्रियापद म्हणूनच कळीचे ठरते. मराठीत ‘चोरणे’ म्हणजे दुसऱ्याचे पळविणे, तसेच ‘अंग चोरणे’प्रमाणे आपले आखडून घेणेही. निवेदक दुसऱ्या अर्थाने जात चोरतो. समाज त्याला पहिल्या अर्थाचा गुन्हेगार ठरवितो. जात उघड होताच त्याला मारहाण होते. सोडवायला धावतो तो काशिनाथ, तोही दलितच. वर्गबंधुत्व त्या क्षणी गैरहजर असते.

निवेदकाचा आवेश काही ठिकाणी प्रसंगावर मात करतो, हे खरे. तथापि या कथेने वर्गविचार नाकारलेला नाही. जातीचा हिशेब न मांडता तो अपुरा राहतो, एवढेच तिने सिद्ध केले आहे.