पोपटाचा आहार: निबंधातला आणि पिंजऱ्यातला

‘माझा आवडता पक्षी’ या निबंधात पोपट काय खातो, हे आपल्याकडच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचार करून लिहावे लागत नाही. पेरू, हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. गाइडमध्ये हेच असते, फळ्यावर हेच येते आणि वही तपासताना आपणही या वाक्यापाशी बरोबरची खूण करून पुढे जातो. भाषेच्या तासाला ते चालून जाईल. परंतु हीच यादी पक्षिपालनाच्या पत्रकांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि पक्षी विकणाऱ्याच्या तोंडी जशीच्या तशी येते, तेव्हा तिला विज्ञानाचा निकष लावावा लागतो. तो लावला तर यादी नापास होते, असे आमचे मत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेला भारतीय अन्नपदार्थांचा जुना तक्ता अनेक शाळांच्या ग्रंथालयांत सापडेल. त्यात दर १०० ग्रॅममागे पेरूत कॅल्शियम १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २८ मिलिग्रॅम दिले आहे. हिरव्या मिरचीत ३० आणि ८०, हरभऱ्याच्या डाळीत ५६ आणि ३३१, ज्वारीत २५ आणि २२२. पोपटाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे असे पशुवैद्यक सांगतात. म्हणजे यादीतल्या एकेका पदार्थात प्रमाण नुसते कमी नाही, ते उलटे आहे. दुकानातल्या पाकिटात सूर्यफुलाच्या बिया मिळतात, तिथेही फॉस्फरस कॅल्शियमच्या दुपटीहून अधिक, आणि वर निम्मे वजन तेलाचे. पोपट हे चवीने खातो, बाकीचे वाटीबाहेर भिरकावतो. मालकाला वाटते, पक्षी पोटभर जेवतो आहे.

यावर कोणीही चौकस विद्यार्थी लगेच विचारील, की मग तासगावच्या द्राक्षबागांवर आणि खटाव-माणच्या ज्वारीवर तुटून पडणारे हिरवे पोपट धडधाकट कसे? प्रश्न अगदी योग्य आहे, आणि या विषयावरच्या बहुतेक लेखनाने तो टाळला आहे. शेतकऱ्याला दिसतो तो पोपटाच्या जेवणाचा एक भाग. तो पक्षी दिवसभरात कोवळी पाने, कळ्या, फुले, निरनिराळ्या झाडांची फळे असे पुष्कळ काही खातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दिवसभर उन्हात असतो. निबंधाने रानातल्या पोपटाच्या ताटातले तीन घास उचलले आणि पिंजऱ्यातल्या पोपटाचे पूर्ण जेवण म्हणून मांडले. ऊन तर यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते खाण्याची वस्तू नाही.

या चुकीची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती आफ्रिकन ग्रे या करड्या पोपटात. पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या जंगलांतला, लाल शेपटीचा, माणसाच्या बोलण्याची विलक्षण नक्कल करणारा हा पक्षी. आयरीन पेपरबर्ग यांच्या प्रयोगांतला ‘ॲलेक्स’ (मृत्यू २००७) याच जातीचा. मोठ्या शहरांबरोबर आता सातारा, सांगली, मिरज यांसारख्या ठिकाणीही तो हौसेने पाळला जातो. मूळच्या जंगलात तेलमाडाची फळे हे त्याचे आवडते खाद्य. इथे त्याच्या वाटीत निबंधातलीच यादी पडते, कारण ‘पोपट म्हणजे पेरू-मिरची’ हे समीकरण जात पाहत नाही.

या पक्ष्यात पशुवैद्यकांना वर्षानुवर्षे एक आजार दिसत आला आहे. वरवर चांगला दिसणारा पोपट एकाएकी दांडीवरून खाली पडतो, पंख फडफडवतो, पाय आवळतो. त्याला आकडी येते. थोड्या वेळाने तो सावरतो, पुन्हा केव्हातरी तेच घडते. घरात कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते मांजराला भ्याला. रक्त तपासले तर कॅल्शियम उतरलेले आढळते. निरोगी करड्या पोपटाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण ८ ते १३ मिलिग्रॅम असते. ६ च्या खाली गेले की आकडीचा धोका असतो. कॅल्शियम म्हणजे हाडे, एवढेच आपण शिकवतो. परंतु मज्जातंतूंचे संदेश आणि स्नायूंचे आकुंचन याच खनिजावर चालते, आणि रक्तातला त्याचा अंश घसरला की मज्जातंतू विनाकारण उत्तेजित होऊ लागतात. वास्तविक अशा वेळी परावटू ग्रंथीने हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडायला हवे. कोंबडी ते करते. करड्या पोपटात मात्र अनेकदा हाडे भरलेली आणि रक्त रिकामे, असे विचित्र चित्र आढळते. ज्या पक्ष्यांची आई अशा आहारावर असते त्यांच्या पिलांचे पाय वाकडे होतात, ते वेगळेच.

आता दुसऱ्या प्रकारच्या लेखनाकडे वळू. ‘पोपटाला कॅल्शियमयुक्त आहार द्यावा’ असा सल्ला अलीकडे पुष्कळ वाचायला मिळतो. पहिल्या यादीपेक्षा हा बरा, पण आमच्या मते तो अर्धाच आहे. आहारातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. तेही ड३ या रूपात. वनस्पतिजन्य ड२ पक्ष्यांना फारसे उपयोगी पडत नाही. बियांत आणि फळांत ड३ जवळपास नसतेच. ते कातडीत तयार होते, सूर्यप्रकाशातल्या विशिष्ट अतिनील किरणांमुळे. मायकेल स्टॅनफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केलेले काम या बाबतीत फार बोलके आहे. करड्या पोपटांना रोज बारा तास असे किरण देणारे दिवे लावले, तेव्हा त्यांच्या रक्तातले कार्यक्षम कॅल्शियम वाढले, आणि ही वाढ आहार कोणता यावर अवलंबून नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या पायोनस पोपटांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा ‘पोपट’ या एका शब्दाखाली सर्वांना एकच सल्ला देणारे लेखन शंकेनेच वाचावे.

सांगलीच्या उन्हाची इंग्लंडने असूया करावी. तरीही इथल्या पोपटाला ते मिळत नाही, कारण पिंजरा दिवाणखान्यात असतो आणि ऊन येते ते खिडकीच्या काचेतून. साधी काच प्रकाश व उष्णता आत सोडते, पण हे उपयोगी किरण जवळजवळ सर्व अडवते. काचेमागचा पोपट उजेडात असतो आणि तरी या अर्थाने अंधारात असतो. सकाळी पिंजरा गच्चीत किंवा जाळीच्या सज्जात नेला, अर्धा भाग सावलीत ठेवला आणि मांजर-घारीवर लक्ष ठेवले, तर दिव्याचा खर्चही नको. एप्रिल-मे महिन्यात दुपारी हा प्रयोग मुळीच करू नये.

‘कॅल्शियमयुक्त’ पदार्थांच्या याद्यांतही गडबड आहे. पालक त्यांत हमखास असतो. तक्त्यात त्याचे ७३ आणि २१ हे आकडे गुणोत्तराच्या दृष्टीने उत्तम दिसतात. पण पालकातले ऑक्झॅलेट त्या कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते विष्ठेवाटे निघून जाते. राजगिऱ्याच्या पाल्याचीही तीच अडचण. त्यामानाने शेवग्याचा पाला (४४० आणि ७०) आणि मेथी (३९५ आणि ५१) पुष्कळ चांगली. साताऱ्याच्या पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी ३४४ आणि २८३ अशी आहे. धान्यांत कॅल्शियम फॉस्फरसहून अधिक असणे ही दुर्मीळ गोष्ट, आणि ती या भागात घरची आहे. काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेन पिंजऱ्याला अडकवणे हा जुना उपाय चांगला आहे. पक्ष्याला हवे तेवढेच तो कुरतडतो. पानाचा चुना मात्र देऊ नये, तो तोंड भाजतो. आणि बाटलीतले ड जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने पाजणे धोक्याचे आहे, कारण ते जास्त झाल्यास कॅल्शियम मूत्रपिंडात साचते.

आम्हाला नवल वाटते ते याचे, की याच भागात हे सर्व ज्ञान वेगळ्या कप्प्यात वापरात आहे. विट्याकडचा कुक्कुटपालक अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहतो, शिंपल्याचा चुरा घालतो आणि ड३ चे प्रमाण विचारून घेतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते हे त्याला पाठ असते, कारण कवच पातळ झाले की पैसे बुडतात. शेतीविषयक नियतकालिके त्याच्याशी टक्क्यांत आणि ग्रॅममध्ये बोलतात. पोपटावर लिहिणारे मात्र ‘आवडीने खातो’ या शब्दांवर थांबतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आकडी आलेल्या पोपटाची दृष्ट काढण्याऐवजी पशुवैद्यकाला दाखवून रक्तातले कार्यक्षम कॅल्शियम तपासून घ्यावे, हे पत्रकात एका ओळीत मावले असते.

निबंधाविषयी आणखी एक आक्षेप उरतो. त्यातला हिरवा पोपट बहुधा पिंजऱ्यात असतो आणि मुलगा त्याला हौसेने मिरची देत असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा पक्षी पकडणे व बाळगणे गुन्हा आहे. करड्या पोपटाचा वन्य पक्ष्यांमधला आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून बंद आहे; आपल्याकडे २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार ज्याच्याकडे तो असेल त्याने वन विभागाकडे नोंदणी करायची आहे. पुढच्या वर्षी नववीच्या वर्गात हा निबंध द्यायचा झाल्यास सोबत पोषण संस्थेच्या तक्त्याची दोन पाने द्यावीत आणि पेरू, मिरची, डाळ यांची गुणोत्तरे मुलांनाच काढू द्यावीत. निबंध भाषेच्या शिक्षकांनी तपासावा, गुणोत्तरे विज्ञानाच्या.