राणीचा हुकूम नाही, मग घर निवडते कोण?

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की चिखली-मेहकरकडच्या काळ्या रानातल्या भेगा मिटू लागतात. अशा वेळी बांधाच्या किंवा ओट्याच्या कडेने मुंग्यांची रांग निघालेली दिसते. अनेकींच्या तोंडात पांढरा दाणा असतो. शाळेत या दृश्याचा हमखास शिस्तीचा पाठ होतो. राणी आज्ञा करते, कामकरी मुंग्या ती पाळतात, मुलांनीही तसेच वागावे! आमची तक्रार या पाठाविषयी आहे. आणि अलीकडे त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या 'मुंग्यांची लोकशाही' या पाठाविषयीही आहे.

आधी एक लहानशी दुरुस्ती. तो पांढरा दाणा बहुधा अंडे नसतो. मुंगीचे अंडे इतके बारीक असते की ते नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसते. आपल्याला दिसतात त्या बहुतेक अळ्या आणि कोष. दुसरी दुरुस्ती मोठी आहे. राणीचे काम अंडी घालण्याचे. हुकूम देण्याचे नव्हे. स्थलांतरात तर तिलाच इतरांनी नव्या घरी न्यावे लागते.

मग निवड होते कशी? याचा सर्वांत बारकाईने अभ्यास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील खडकांच्या फटींत राहणाऱ्या टेम्नोथोरॅक्स अल्बिपेनिस या इवल्याशा मुंगीवर झाला. नायजेल फ्रँक्स, स्टीफन प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जुने घर मोडले की काही मुंग्या शोधाला निघतात. जागा चांगली वाटली तर शोधक मुंगी लवकर परत येऊन एका सोबतिणीला मागे घेऊन जाते. जागा सुमार असेल तर ती जास्त वेळ रेंगाळते. एवढ्याशा फरकाने चांगल्या जागेकडे गर्दी भराभर वाढते. नव्या जागी पुरेशा सख्या भेटू लागल्या, की शोधक मुंगी वाट दाखवणे सोडते आणि उरलेल्यांना सरळ उचलून आणू लागते. हे काम वाट दाखवण्याच्या सुमारे तिप्पट वेगाने होते. सगळ्या जागांची तुलना एकाच मुंगीने करावी लागत नाही, तरी वसाहतीची निवड बहुधा योग्य ठरते.

येथे 'लोकशाही' हा शब्द मोहात पाडतो. शास्त्रज्ञ ज्याला 'क्वोरम' म्हणतात त्याला आपल्याकडे गणपूर्ती हा शब्द आहेच. पण ग्रामसभेत गणपूर्ती झाली की चर्चा सुरू होते. मुंग्यांमध्ये गणपूर्ती झाली की शोध जवळजवळ संपतो. शिवाय या कामात वसाहतीतील जेमतेम एक तृतीयांश मुंग्या भाग घेतात. बाकीच्या उचलून नेल्या जातात. त्यांना कोणी मत विचारत नाही. याला लोकशाही म्हणणे म्हणजे राणीच्या गोष्टीचाच दुसरा अवतार होय. दोन्ही गोष्टींत माणसाचे राज्य मुंगीवर लादलेले आहे.

दुसरा आक्षेप प्रयोगांच्या मर्यादेचा. वरील प्रयोगांत घर म्हणजे काचेच्या दोन पट्ट्यांमधील फट, आणि अंगण म्हणजे प्रयोगशाळेतील थाळी. खडकाच्या फटीत राहणाऱ्या मुंगीचा नियम काळ्या मातीत बीळ खोदणाऱ्या मुंगीला जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणूनच कोलकाता येथील 'आयसर' या संस्थेत सुमना अन्नागिरी यांच्या गटाने केलेले काम आम्हाला मोलाचे वाटते. डायकॅमा इंडिकम या भारतीय मुंगीत राणीच नसते. एक कामकरी मादीच अंडी घालते. म्हणजे हुकूम देणारी राणी मुळातच नाही. तरी स्थलांतर होते. वाट माहीत असलेली मुंगी पुढे चालते, दुसरी तिला स्पर्श करीत मागून येते. या गटाने २०१२ साली अशा स्थलांतराचे नैसर्गिक अधिवासातील निरीक्षण प्रसिद्ध केले. २०१५ साली त्यांनी वाट दाखवणाऱ्या मुंग्याच काढून घेऊन पाहिल्या. इतर मुंग्यांनी ते काम उचलले. काम तितक्या सफाईने झाले नाही, पण सर्व वसाहती नव्या घरी पोचल्या.

शिक्षकांना विशेष वाटेल असा एक दावाही तपासून घेऊ. फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी २००६ साली मांडले, की जोडीने चालणे हे 'शिकवणे' आहे. पुढची मुंगी मागचीसाठी थांबते. एकटी गेली असती तर ती सुमारे चौपट वेगाने पोचली असती. स्वतःची खोटी सोसून दुसरीला वाट शिकवणे, हा निकष येथे पुरा होतो. तरी आमच्या मते वाट सांगणे आणि शिकवणे यांत अंतर आहे. मागचीला काय कळले नाही हे ओळखून पुढची आपली रीत बदलते, असे यावरून सिद्ध होत नाही. ती फक्त मागचीचा स्पर्श सुटला की थबकते. अर्थात, वर्गात एवढे थबकणेही पुष्कळदा राहून जाते, हे मान्य केले पाहिजे.

तर मग वर्गात करायचे काय? गोष्ट बाजूला ठेवून वही उघडायची. 'मुंग्या निघाल्या की पाऊस येतो' हे घरातल्या थोरांचे निरीक्षण खोडून काढण्याचे किंवा मान टाकून स्वीकारण्याचे कारण नाही. मृग लागल्यापासून मुलांनी रोज तारीख, वेळ, पाऊस आणि रांगेची दिशा लिहावी. रांग पावसाआधी निघाली की बिळात पाणी शिरल्यावर? आणि रांग निघाली, पण पाऊस आलाच नाही, असे किती दिवस गेले? हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण फसलेले अंदाज आपण विसरतो. मुंग्यांना हात लावू नये, बीळ उकरू नये.

शिस्तीचा पाठ मुलाला आज्ञा पाळायला शिकवतो. असा रकाना भरणारे मूल 'हे तुम्हाला कशावरून कळले?' असे आपल्यालाही विचारू लागेल. त्या प्रश्नाची आपली तयारी हवी.