ठेका आणि ओघ : 'द रूट्स'च्या हिप-हॉपसंबंधी काही विचार

हिप-हॉपविषयी आपल्याकडील बहुश्रुत रसिकाशी बोलू गेले असता दोन आक्षेप हटकून ऐकावयास मिळतात. एक असा की, ह्या संगीतात सारे तेच ते आहे. चार-आठ मात्रांचा एक तुकडा पाच-पाच मिनिटे फिरत राहतो आणि त्याचा विस्तार म्हणून काही होत नाही. दुसरा असा की, त्यात गाणे नाही, नुसते बोलणे आहे. ह्या आक्षेपांना उत्तर म्हणून काही हितचिंतक मंडळी तिसरेच एक विधान करतात, आणि ते माझ्या मते आक्षेपांहूनही अधिक घातक आहे. ते म्हणतात, सगळेच हिप-हॉप तसे नाही. फिलाडेल्फियाच्या 'द रूट्स'सारखे काही लोक खरीखुरी वाद्ये वाजवतात. म्हणजे ड्रम, बास गिटार आणि पियानो ही हातांनी वाजवली की ह्या संगीताला दिवाणखान्यात बसायला पाट मिळाला! ही प्रशस्ती नव्हे. हे क्षमापत्र आहे. 'रूट्स'ची थोरवी मला पूर्णपणे मान्य आहे, पण ती ह्या कारणासाठी नाही. ती कोणत्या कारणासाठी आहे हे पाहू लागले म्हणजे वरील दोन्ही आक्षेपांचे स्वरूपही आपोआप उलगडत जाते.

आरंभी थोडा इतिहास पाहणे इष्ट होईल. हिप-हॉपचा जन्म सामान्यतः 11 ऑगस्ट 1973 ह्या दिवशी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागातील 1520, सेजविक अ‍ॅव्हेन्यू ह्या इमारतीतील एका मेजवानीत झाला असे मानतात. मूळचा जमैकाचा तरुण डीजे कूल हर्क तेथे ध्वनिमुद्रिका लावीत होता. त्याच्या ध्यानी एक गोष्ट आली होती. नाचणारे लोक गाण्यातील एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतात. जेथे गायक थांबतो, बाकीची वाद्ये मागे सरतात आणि उरतो तो केवळ ड्रमचा उघडा ठेका. ही जागा काही क्षणांचीच असावयाची. हर्कने एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या आणि एकीवरील तो भाग संपताच दुसरीवरील सुरू करून त्या क्षणांना हवे तितके लांबविले. येथे पुनरावृत्ती ही कल्पनादारिद्र्यातून आलेली नाही, निवडीतून आलेली आहे. सबंध गाण्यातील सर्वांत जिवंत जागा कोणती, हे ज्याला कळले त्याने ती वेगळी काढली. ही कृती मुळातच समीक्षकाची आहे.

आणि 'खऱ्या' वाद्यांचा प्रश्न म्हणाल तर 1979 साली ज्या मुद्रिकेने हिप-हॉपला जगभर नेले ती 'रॅपर्स डिलाइट' स्टुडिओत बसून वादकांनीच वाजविलेली होती. 'शिक' ह्या वृंदाच्या त्याच वर्षीच्या 'गुड टाइम्स'मधील बासची चाल त्यांनी उचलली होती. जुन्या मुद्रिकांचे तुकडे साठवून पुनःपुन्हा वाजविणारी 'एसपी-1200' आणि 'एमपीसी-60' ही यंत्रे अनुक्रमे 1987 आणि 1988 सालची. तेव्हा वादकवृंद हा हिप-हॉपवर मागाहून चढविलेला सोन्याचा मुलामा आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. 'रूट्स'चे दोन संस्थापक, ड्रमवादक अहमीर थॉम्पसन ऊर्फ क्वेस्टलव्ह आणि रॅपर तारिक ट्रॉटर ऊर्फ ब्लॅक थॉट, फिलाडेल्फियातील कलाशिक्षणाच्या एका माध्यमिक शाळेत भेटले आणि 1987 साली त्यांनी एकत्र काम आरंभले. त्यांनी ड्रम वापरला तो काही तात्त्विक भूमिका घेऊन नव्हे. तबकड्या आणि यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती. ड्रम घरचा होता. साउथ स्ट्रीटच्या पदपथावर एकाने वाजवावे, दुसऱ्याने बोलावे, एवढीच ती सामग्री.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकच ठेका फिरत राहतो, ह्यात ऐकावयाचे काय? इंग्रजीत ज्याला 'ग्रूव्ह' म्हणतात त्याचा मूळ अर्थ खाच, चाकोरी. आपल्याकडे चाकोरी हा शब्द निंदेचा. तिकडे तो स्तुतीचा झाला आहे, हे लक्षणीय आहे. परंतु चाकोरीचे संगीत ऐकण्याची सवय आपल्याला नाही, असे कसे म्हणता येईल? तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटी किंवा सारंगी एकच लेहरा अर्धा-अर्धा तास वाजवीत असते आणि 'त्याच त्या'बद्दल कोणीही कुरकूर करीत नाही. कारण लेहरा ही तेथे ऐकण्याची वस्तू नसून मोजण्याची वस्तू आहे, हे श्रोत्याला ठाऊक असते. लेहरा स्थिर राहतो म्हणून तबलजीने कोठे अंतर तोडले, कोठे जोडले आणि समेवर कसा आला हे कळते. हिप-हॉपमध्ये लेहऱ्याचे काम वृंदाकडे असते आणि तबल्याचे काम रॅपरच्या जिभेकडे. साम्य येथवरच आहे, पुढे ते ताणू नये. ह्या संगीतात तिहाई नाही, समेची घोषणा नाही. चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा स्नेअर ड्रमचा आघात हीच त्याची कमान. तेव्हा समेची वाट पाहत बसणाऱ्या आपल्या कानाला तेथे काहीच घडत नाही असे वाटले तर नवल नाही. तो चुकीच्या फलाटावर उभा असतो.

मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. पुनरावृत्तीत संवाद उघडच आहे. पण निखळ संवाद म्हणजे घड्याळाची टिकटिक. विरोध कोठून येणार? यंत्राने साठविलेला तुकडा तो विरोध आपल्यासोबत आणतो. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' ह्या 1969 साली ध्वनिमुद्रित झालेल्या रचनेतील क्लाइड स्टबलफील्डचे ड्रमवादन शेकडो हिप-हॉप मुद्रिकांत उसने घेतले गेले आहे. त्या तुकड्यात त्या दिवशीची खोली आहे, त्या कातड्याचा ताण आहे, एका माणसाच्या मनगटाची लकब आहे. नवीन काळाच्या छातीत जुन्या काळाची धडधड ऐकू येते. (त्या मनगटाच्या मालकाला ह्या उसनवारीपोटी हक्काचे मानधन मात्र मिळाले नाही, कारण रचनाकार म्हणून त्याचे नावच नव्हते. 2017 साली तो वारला.) वृंद बसविला की हा सारा स्मृतीचा थर नाहीसा होतो. ही खरी हानी आहे आणि 'खऱ्या वाद्यां'चे भाट तिचा उच्चारही करीत नाहीत.

'रूट्स'ना ती जाणवली होती, असे त्यांच्या मुद्रिकांचा क्रम पाहता म्हणावेसे वाटते. 1995 च्या आरंभी आलेल्या 'डू यू वाँट मोअर'मध्ये त्यांनी परक्या मुद्रिकांच्या तुकड्यांवर विसंबण्याचे टाळले. लेनर्ड हबर्डचा बास, विजेच्या पियानोचा ओलसर नाद, एके ठिकाणी तर रूफस हार्ली ह्या जॅझवादकाची बॅगपाइप, असा तो मोकळा, हवेशीर संच आहे. परंतु त्यातील काही रचना मला निसरड्या वाटतात. जॅझची सभ्यता ठेक्याची धार बोथट करते. वृंद रॅपरच्या मागे उभा राहण्याऐवजी त्याच्या शेजारी येऊन गोड बोलू लागतो. पुढल्याच वर्षीच्या 'इलाडेल्फ हाफलाइफ'मध्ये प्रतिक्रिया दिसते. तेथे क्वेस्टलव्हचा ड्रम कोरडा, आखूड, दाबलेला आहे. माणूस यंत्रासारखे वाजवू पाहतो. स्वतःच्या वाजविण्याकडे तो जणू दुसऱ्याच्या जुन्या मुद्रिकेकडे पाहावे तसा पाहतो.

ह्या दोन टोकांचा समतोल साधला गेला तो 'थिंग्ज फॉल अपार्ट' ह्या 1999 सालच्या मुद्रिकेत. शीर्षक चिनुआ अचेबेच्या 1958 सालच्या कादंबरीचे; त्याने ते येट्सच्या कवितेतून घेतलेले. मुद्रिकेचा आरंभ गाण्याने होत नाही. स्पाइक लीच्या 'मो बेटर ब्लूज' ह्या 1990 सालच्या चित्रपटातील दोन जॅझवादकांचे भांडण आपल्याला ऐकू येते. एकाची तक्रार, आपलेच लोक आपले संगीत ऐकावयास येत नाहीत. दुसऱ्याचे उत्तर, त्यांना आवडेल ते वाजवा म्हणजे येतील. सीमेवर आणि परप्रांतांत मराठीची मासिके चालविणाऱ्यांना हे भांडण परके वाटू नये! 'रूट्स'नी निकाल दिलेला नाही. भांडण आपल्या दारात मांडून ठेवले आणि मग ठेका सुरू केला.

ह्याच मुद्रिकेतील 'यू गॉट मी' ही रचना वृंदाचे कार्य समजून घेण्यास सर्वांत सोयीची आहे. दौऱ्यावर असणारा वादक आणि घरी राहणारी त्याची प्रिया ह्यांच्यातील संशयाची ती कथा. गिटारचे तेच ते मोकळे स्वर, त्यावर ब्लॅक थॉटचे निवेदन, मग स्त्रीच्या बाजूने ईव्ह ह्या तरुण रॅपरचे कडवे, आणि मधूनमधून एरिका बाडूच्या आवाजातील विश्वासाचे आश्वासन. (ध्रुपद रचण्यात जिल स्कॉटचा हात होता आणि आधी ते तिनेच गायिले होते, कंपनीला अधिक परिचित नाव हवे होते.) तीन-साडेतीन मिनिटे ड्रम कमालीचा संयमी आहे. शेवटी मात्र, शब्द संपत आल्यावर, तो एकाएकी दुपटीने धावू लागतो. बाकी वाद्यांची चाल तीच, स्वर तेच, आश्वासनही तेच. केवळ खालची जमीन हलू लागली. आश्वासन खरे की संशय खरा, हे शब्दांनी सांगितले नाही, ड्रमने विचारले. यंत्रावर हे करता आले नसते असे नव्हे. पण इतका वेळ न हललेला हात आता हलतो आहे, ही जाणीव हात आहे म्हणूनच होते. ह्या रचनेला 2000 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, ही गोष्ट त्या मानाने गौण.

वृंदाचे मर्म ते हेच. वादक आवर्तनागणिक तेच वाजवितो, पण दर वेळी ते न बदलण्याचे ठरवून वाजवितो. क्वेस्टलव्हच्या ड्रमवादनात भरणीचे तुकडे फार थोडे. कौशल्य दाखविण्याची संधी तो सतत नाकारीत असतो. पुढे डेट्रॉइटच्या जे डिला ह्या संगीतकाराच्या यंत्रावरील किंचित लडखडणाऱ्या ठेक्यांनी तो भारावला, आणि 2000 साली आलेल्या डी'अँजेलोच्या 'वूडू'मध्ये मात्रेच्या केसभर मागे राहून वाजविण्याची ती ढब त्याने हातात आणली. गंमत पाहा : यंत्रासारखे नेमके वाजविणे शिकलेला माणूस एका यंत्राकडून माणसासारखे अडखळणे शिकला. 'खरे' आणि 'कृत्रिम' ह्यांची सीमारेषा ह्यापुढे कोठे आखावयाची?

आता दुसरा आक्षेप, नुसते बोलणे. येथे आपले छंदःशास्त्र मदतीला घेऊ, पण जपून. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त छंद, जाती आणि वृत्त असे भेद केले. अक्षरांची संख्या, मात्रांची बेरीज आणि लघुगुरूंचा क्रम ह्यांवर ते उभे आहेत. रॅपची चरणरचना ह्यांपैकी कशातही बसत नाही, कारण इंग्रजी पद्याचा कणा आघात हा आहे. चार आघात ठरलेले. त्यांच्यामध्ये अक्षरे किती घालावीत ह्याला बंधन नाही. जात्याच्या फेऱ्यावर अक्षरे सैल सोडणाऱ्या ओवीशी त्याचे दूरचे नाते लागेल. आरंभीच्या रॅपमध्ये यमक बहुधा चौथ्या मात्रेवर नेमाने पडत असे. 1987 सालच्या 'पेड इन फुल'मध्ये रकीमने यमक चरणाच्या पोटात नेले आणि वाक्य चरणाच्या कडेवरून पुढे वाहू दिले. ओघ म्हणतात तो हा. वाक्याचा विराम एकीकडे आणि ठेक्याचा विराम दुसरीकडे पडतो. त्या दोहोंमधील ताणात श्रोता झुलत राहतो.

ब्लॅक थॉट ह्या परंपरेतला आहे. त्याचा स्वर फारसा चढत-उतरत नाही, आवाजाला अभिनयाची हौस नाही. सारे नाट्य व्यंजनांत आणि श्वासाच्या जागांत आहे. तीन-तीन, चार-चार अक्षरांची यमके तो इतक्या सहज पेरतो की पुष्कळदा ती मागाहून ऐकू येतात. ह्या अलिप्ततेचा त्याच्यावर दोषही ठेवला जातो. कौशल्य आहे, माणूस दिसत नाही, असे म्हणतात. ह्या तक्रारीत तथ्य आहे. बाल्यात वडिलांची आणि पौगंडात आईची हत्या पाहिलेल्या घरातील हा मुलगा, परंतु कितीतरी वर्षे त्याच्या चरणांत त्याची सावलीही क्वचितच पडली. सविस्तर बोलला तो 2023 साली, 'द अपसायकल्ड सेल्फ' ह्या आत्मवृत्ताच्या गद्यात. पण दुःख न सांगणारा आवाज दुःखाला अनोळखी असतो असे कोठे आहे?

त्याचे सर्वांत गाजलेले दहा मिनिटांचे रॅपिंग 2017 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या 'हॉट 97' ह्या नभोवाणी केंद्रावर झाले, आणि तेथे वृंद नव्हता. मागे मुद्रिकेतला तयार ठेका फिरत होता. ते उत्स्फूर्त होते की आधी बांधलेले, ह्यावर लोकांनी वाद घातला. तो मला निष्फळ वाटतो. मला त्यातून निराळेच दिसते. तीस वर्षे जिवंत ड्रमच्या अंगालगत बोललेली जीभ निर्जीव ठेक्यालाही जिवंत समजून वागते, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवते. 2009 पासून हा वृंद जिमी फॅलनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाजवू लागला. 2014 पासून 'टुनाइट शो'त. त्या नोकरीने त्यांना स्थैर्य दिले. परंतु पाहुण्याच्या प्रवेशापुरते काही क्षणांचे तुकडे वाजविणे आणि एका ठेक्यात दहा मिनिटे राहणे ह्या दोन निराळ्या साधना आहेत.

ती दुसरी साधना पाहावयाची असेल तर 2002 च्या 'फ्रेनॉलॉजी'तील 'वॉटर' ऐकावे. ती मुद्रिका एकंदरीत विस्कळीत आहे; नवनव्या शैली चाखून पाहण्याच्या हव्यासात तिचा तोल जातो. 'वॉटर' मात्र निराळी. ब्लॅक थॉटचा जुना सोबती, रॅपर मलिक बी, व्यसनात गुरफटून वृंदापासून दूर गेला होता. त्याला उद्देशून ती आहे. पहिल्या भागात घट्ट, हट्टी ठेका आणि त्यावर मित्राला दिलेली हाक. मग शब्द थांबतात, ठेका विरघळतो, आणि पुढे कितीतरी वेळ केवळ घरघर, दूरचे आवाज, बुडण्याचा भास. मलिक 2006 च्या 'गेम थिअरी'त काही रचनांपुरता परतला आणि 2020 च्या जुलैत वारला. आता ती रचना ऐकताना, ठेका गेल्यानंतरच्या त्या लांबलचक भागातही कान दुसरी आणि चौथी मात्रा मोजीतच राहतो.