पाहुण्यांचे नाटक

परदेशी नाटकमंडळी आपल्या शहरात आली, की समीक्षकाची लेखणी फार लवकर सौजन्यशील होते. ‘भाषा कळली नाही, पण अभिनयाला भाषा कुठे असते?’ असे लिहून टाकले, की यजमानाचे कर्तव्य संपले! ह्या सौजन्याने पाहुण्याचा मान राहत असेल. नाटकाचा राहत नाही. मला अशा वेळी पॅरिसच्या शातले चौकातील एक नाट्यगृह आठवते.

ते शहराच्याच मालकीचे. १८९९ पासून सारा बर्नहार्ट ह्या थोर नटीने ते चालवले, आणि तिचे नावही त्याला मिळाले. जर्मन अमलात, ती ज्यू वंशाची म्हणून, ते नाव पुसले गेले. युद्धानंतर पुन्हा लागले. त्याच रंगमंचावर १९५४ साली आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवासाठी पूर्व बर्लिनची ‘बर्लिनर आन्साम्बल’ मंडळी ब्रेख्तचे ‘मदर करेज’ घेऊन उतरली. जर्मन सत्ता जाऊन अवघी दहा वर्षे झाली होती. प्रेक्षकांपैकी कित्येकांनी ती भाषा शिपायांच्याच तोंडून ऐकली असेल. नायिकेच्या भूमिकेत हेलेने वायगेल. तीही ज्यू कुळातली, हिटलरच्या भयाने पंधरा वर्षे परदेशी काढून परतलेली.

करेज ही फौजेमागून गाडा ओढत फिरणारी विक्रेती. युद्ध हाच तिचा धंदा. मुलगा पकडला जातो. लाच दिली तर सुटेल. ती पैशांसाठी घासाघीस करीत राहते, आणि दुरून बंदुकांचा बार ऐकू येतो. वायगेल मान मागे टाकून तोंड उघडते. आवाज मात्र निघत नाही. ही मुद्रा बहुधा वर्तमानपत्रातील एका छायाचित्रावरून आली, असे ब्रेख्तने नोंदवले आहे: सिंगापूरवरील भडिमारात मेलेल्या मुलाशेजारी बसलेली एक भारतीय स्त्री!

आता, ह्या मूक किंकाळीला भाषा लागत नाही, असे म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. मला ते पटत नाही. घासाघीस ठाऊक नसेल, तर तो नुसता आईचा शोक. ठाऊक असेल, तर त्यात तिचा अपराधही दिसतो. पॅरिसकरांची ह्याबाबत थोडी तयारी होती. झाँ व्हिलार यांनी १९५१ साली हेच नाटक फ्रेंचमध्ये केले होते. त्यामुळे पाहुण्यांकडे कौतुकाने पाहून भागणार नव्हते. तुलना करावी लागली. महोत्सवाचे पहिले पारितोषिक मिळाले, हे ठीकच. पण रोलाँ बार्थसारखा टीकाकार त्या प्रयोगानंतर वर्षानुवर्षे स्वतःच्या देशाच्या रंगभूमीशी भांडत राहिला, ती खरी पावती.

पुढे १९५५ साली तीच मंडळी ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ घेऊन आली. त्याच वर्षी पेकिंग ऑपेरानेही पॅरिस गाजवले. १९५७ पासून ह्या पाहुणचाराला ‘तेआत्र दे नासिओं’ असे स्वतंत्र नाव मिळाले. नाट्यगृह १९६८ मध्ये ‘तेआत्र द ला व्हिल’ झाले, आणि दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये उघडले ते सारा बर्नहार्टचे नाव पुन्हा जोडूनच.

मराठीला ‘चॉक सर्कल’ मिळाले ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मधून. विजया मेहतांनी ते फ्रिट्झ बेनेविट्झ ह्या जर्मन दिग्दर्शकासह बसवले. तो पाहुणा खेळ दाखवून परतला नाही. आपल्या नटांबरोबर तालमीत उभा राहिला.