पिठाचा कोंबडा आणि पाच सेकंद

गेल्या वर्षी आमच्या श्राविका मंडळाच्या वार्षिकासाठी मी मुलांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळांवर लेख लिहिला होता. त्यात आधाराला यशोधराची कथा घेतली होती. राजा यशोधर आईच्या हट्टापायी जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी देतो, आणि तरी त्या पापानं मायलेक दोघंही कितीतरी जन्म पशुयोनीत फिरतात. सोमदेवांनी ही कथा संस्कृतात सांगितली, जन्न कवीनं १२०९ साली कन्नडमध्ये. पिठात जीव नव्हता, पण मनात मारण्याचा भाव होता. मग पडद्यावरचं डुक्कर म्हणजे पिठाचा कोंबडाच की! असं मी ठणकावून लिहिलं होतं.

लेख टाइप केला सूनबाईनं. ती मडगावची, सारस्वतांच्या घरातली. ऑफिसचं काम घरूनच करते. टाइप करून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही कधी खेळून बघितलंय?"

"विष काय खाऊन बघायचं असतं गे?" मी म्हटलं. ती हसली आणि उठून गेली. लेख छापून आला, बायकांनी कौतुकही केलं. पण तो प्रश्न मला खुपत राहिला. बी.ए.ला असताना आमच्या मराठीच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये. मी न बघितलेल्या खेळावर दोन पानं लिहून मोकळी झाले होते.

तेव्हा एके दिवशी मीच तिला म्हटलं, "दाखव बघू तुझा तो खेळ." आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, संध्याकाळ मोकळी असते. तिनं शेजारी खुर्ची ओढली. अशा तीन महिने संध्याकाळी गेल्या.

हा खेळ म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीनं तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. पुढं त्यात भर पडत गेली, खेळ सोपा होत गेला, तसे जुने खेळाडू हळहळू लागले. काहींनी परवानगी नसताना जुन्या रूपातले सर्व्हर चालवले. त्यांतला 'नोस्टालरियस' कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला. मागणी मात्र बंद झाली नाही. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनंच जुना खेळ 'क्लासिक' या नावानं पुन्हा उघडला. त्याचे वेगवेगळे सर्व्हर आहेत. एक सर्व्हर म्हणजे एक गाव समजा. तिथं हजारो माणसं आपापलं सोंग घेऊन वावरतात, आणि त्या गावात राहायचं तर गावाचे नियम शिकावे लागतात.

मी सोंग घेतलं ते प्रीस्टचं. तिचं मुख्य काम दुसऱ्यांच्या जखमा भरायचं. म्हटलं, हे तरी आपल्याला जमेल. नाइट एल्फ नावाच्या वनवासी जमातीत माझा जन्म झाला. मोठमोठी झाडं, जांभळा उजेड, डोळे निवावेत असं रान. पहिला नियम सूनबाईनं सांगितला, "ज्याचं नाव पिवळं दिसतं तो प्राणी आपण होऊन अंगावर येत नाही. लाल नाववाला येतो." मला एकदम बरं वाटलं. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार शिकवतात, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. त्यांतली संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून मारणं, श्रावकानं सोडायचीच. इथं तर खेळानंच रंगानं वेगळं करून दाखवलं होतं.

आणि मग पहिलं काम मिळालं. कामाचं नाव 'निसर्गाचा समतोल'. या वर्षी पाऊस चांगला झाला, जनावरं फार वाढली, म्हणून सात वाघाटीची पिल्लं आणि चार रानडुकरांची पिल्लं मार. सगळी पिवळ्या नावाची! आपल्या वाटेनं चाललेली. मी हात बाजूला घेतला. म्हटलं, "दुसरं काही काम नाही का? फुलं वेचते की."

सूनबाई म्हणाली, "नंतरच्या खेळात फुलं वेचूनही अनुभवाचे गुण मिळतात, आई. एका खेळाडूनं तर एकही जीव न मारता, नुसती फुलं वेचून आणि खनिजं खणून तिथली शेवटची लेव्हल गाठली. पण क्लासिकमध्ये वेचण्याला गुण नाहीत."

म्हणजे जुना तोच सोनेरी असं नाही. निदान या एका बाबतीत जुने नियम जास्त कठोर आहेत. मारल्याशिवाय मोठं होता येत नाही, जवळजवळ.

मी मारलं, हे इथं कबूल करते. पहिल्या वेळी जीव चरचरला. चौथ्या वेळी मी फक्त कोपऱ्यातला आकडा बघत होते, सातपैकी चार. दहा मिनिटांनी मला डुक्कर दिसतच नव्हतं, आकडा दिसत होता. माझ्या जुन्या लेखातली चूक तिथं माझ्या लक्षात आली. मी लिहिलं होतं की हे खेळ मनात क्रौर्य भरतात. क्रौर्य कुठंच नव्हतं. राग नव्हता, द्वेष नव्हता, होता तो नुसता हिशेब. यशोधराला निदान आपण काय करतोय ते माहीत होतं, म्हणून तर तो अडखळला. मला आठवेनासं झालं होतं. पिठाच्या कोंबड्याचा दाखला चुकला नव्हता, पण खोट कुठं आहे ते मी न बघताच सांगितलं होतं.

पुढचे नियम मात्र मला आवडत गेले, काही तर फारच. पाच जणांनी मिळून गुहेत जायचं असतं. एक ढाल घेऊन पुढं उभा राहतो, तिघं वार करतात, एक जखमा भरतो. नियम असा की ढालवाल्यानं शत्रूचं लक्ष आपल्याकडे बांधून घेतल्याखेरीज इतरांनी हात उचलायचा नाही. जखम भरणारीनंसुद्धा नाही. घाईनं जखम भरली तर शत्रू तिच्याकडे वळतात. मदतीलाही वेळ असते, हे मला पन्नाशीत खेळानं शिकवलं.

त्याहून सुंदर पाच सेकंदांचा नियम. मंत्र म्हणायला 'माना' लागतो, ती मंत्राची शिदोरी. प्रीस्टच्या मनःशक्तीनं तो आपोआप भरून येतो, पण मंत्र म्हटल्यावर पाच सेकंद काहीच न करता थांबलं तर. मध्येच दुसरा मंत्र म्हटला की पुन्हा पाच सेकंद मोजायचे. म्हणजे चांगली सेवा करणारी ती, जिला हात आवरता येतो. आम्ही बायका मात्र वाटी रिकामी दिसली की वाढायला धावतो.

तिसरा नियम वाटणीचा. गुहेत एखादी चांगली वस्तू मिळाली की प्रत्येकानं सांगायचं, मला गरज आहे, का नुसता मोह आहे. गरजवाल्यांत शंभरापर्यंतचा आकडा टाकतात, मोठा आकडा पडेल त्याला वस्तू. गरज नसताना गरज म्हणायला खेळ तुम्हाला अडवत नाही. मग लोक खरं का वागतात? कारण उद्या परत हीच माणसं भेटणार असतात. डिसेंबर २००९ मध्ये मूळ खेळात एक सोय आली. बटण दाबलं की निरनिराळ्या सर्व्हरवरची अनोळखी माणसं जमवून थेट गुहेत सोडायची. २०१९ च्या क्लासिकमध्ये ती नव्हती. हाका मारून माणसं जमवायची, गुहेपर्यंत चालत जायचं, वाटेत बोलणं होतंच. लबाडी केली तर नाव गावभर होतं. दंडाच्या भीतीपेक्षा शेजाराची लाज मोठी, हे आपल्या गल्लीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता माझी फजिती. 'डेडमाइन्स' नावाच्या खाणीत मी पहिल्यांदा गेले, आणि ढालवाल्याला जखम झालेली बघून लगेच मंत्र म्हटला. सगळे दरोडेखोर माझ्याकडे धावले. पाचही जण मेलो. मेल्यावर भूत होऊन स्मशानातून परत आपल्या देहापर्यंत चालत यावं लागतं. ती वाट मला फार लांब वाटली. आता बोलणी खावी लागणार! परत आल्यावर ढालवाल्यानं लिहिलं, "हरकत नाही. पुढच्या वेळी मला आधी दोन घाव घालू द्या." बस्स. कोण कुठला माणूस, माझं वय त्याला माहीत नाही, नाव माहीत नाही.

आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. सूनबाईचं पहिलं वर्ष. दशलक्षण पर्वात बायका दर्शनाहून घरी आल्या होत्या. तिनं हौसेनं पोहे केले, त्यात बटाटा घातला. पर्वात कंदमूळ चालत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमचे नियम आम्हाला श्वासासारखे, आणि ते सांगावे लागतात हेच आमच्या गावी नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्यात असलं चालत नाही." त्या 'आमच्यात' शब्दानं ती बाहेर उभी राहिली. पाणी गाळताना मुंगी वाहून जाऊ नये म्हणून जपणारी मी!

म्हणून माझं या खेळाबद्दलचं मत आता असं आहे. आपल्या पाच जणांशी कसं वागावं हे त्याचे नियम फार चांगलं शिकवतात. पण त्यांची करुणा टोळीच्या कडेशी संपते. त्या खाणीतले दरोडेखोर मुळात गवंडी आहेत. राजधानी बांधून दिली आणि सरदारांनी मजुरी बुडवली, म्हणून ते बिथरले. खेळाच्या कथेला हे माहीत आहे, खेळाच्या नियमाला नाही. त्यांची मजुरी देऊन टाकण्याचा मार्ग खेळाडूला कुठंच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीनं 'हार्डकोर' सर्व्हर काढले, तिथं एकदा मेलं की ते सोंग कायमचं मेलं. त्यामुळं खेळाडू जपून पाऊल टाकतात खरे, पण जपतात ते स्वतःचा जीव. डुकराचा आकडा चारच राहतो.

आपली खोट बरोबर उलटी. मुंगीपर्यंत पोहोचलेली करुणा घरातल्या नवख्या माणसापाशी अडते. मैत्रिणींनो, कोणती खोट मोठी ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही माझ्यातच सापडल्या.

मी आता खेळत नाही. जीव मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तिथं माझं मन फार दिवस रमणार नव्हतं. सूनबाई खेळते, मी कधीतरी शेजारी बसते. हा लेखही तिनंच टाइप केला. बटाट्याच्या परिच्छेदाशी ती जराशी थांबली. मी काही विचारलं नाही. मग 'पोहे' या शब्दातली माझी चूक दुरुस्त करून ती पुढं टाइप करू लागली.