'ग्रेट' म्हणजे थोर नव्हे

मागच्या व्याख्यानात आपण 'बिग' आणि 'लार्ज'पाशी थांबलो होतो. आज 'ग्रेट'. हा शब्द मुळात आकाराचा आहे, हेच आपण विसरून गेलोय. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जाड, भरड, धिप्पाड. आणि गंमत बघा, आपल्या 'थोर'चंही तेच: प्राकृतात 'थोर' म्हणजे जाड, स्थूल. पुढे 'थोर'नं अंग टाकून दिलं. 'थोरला भाऊ'मध्ये वय उरलं, 'थोर पुरुष'मध्ये नुसता आदर. 'ग्रेट'नं काहीच टाकलं नाही. ग्रेट ब्रिटनमधला 'ग्रेट' थोरवी सांगत नाही. समुद्रापलीकडच्या ब्रिटनीपेक्षा हे बेट मोठं, एवढंच.

म्हणून स्कॉट फिट्झजेराल्डच्या १९२५ सालच्या 'द ग्रेट गॅट्सबी'ला कुणी 'महान गॅट्सबी' म्हटलं की आम्ही अस्वस्थ होतो. हा माणूस चोरट्या दारूच्या पैशावर उभा आहे. त्याचं नावसुद्धा खरं नाही, मूळचा तो जेम्स गॅट्झ. त्याला पहिल्याच पानाआधी 'महान' ठरवलं, तर वाचकानं पुढे ठरवायचं काय? निवेदक निक कॅरवेला तो त्या सगळ्या श्रीमंत टोळक्यापेक्षा मोलाचा वाटतो खरा, पण त्या निवाड्यापर्यंत पोचायला निकला जवळजवळ पूर्ण कादंबरी लागते.

गॅट्सबीचे वडील अंत्यविधीला येतात तो प्रसंग आठवा. मुलाच्या हवेलीचा फोटो त्यांनी जपून ठेवलाय. ते म्हणतात, पोरगा जगला असता तर ग्रेट माणूस झाला असता, रेल्वेवाल्या जेम्स हिलसारखा. इथे 'थोर' चालेल? आम्हाला वाटतं, नाही. म्हाताऱ्याच्या तोंडी 'मोठा माणूस'च हवा. गावाकडे 'त्यांचा मुलगा मुंबईत मोठा माणूस झाला' म्हणतात ना, तसा. त्यात पैसा आहे, कौतुक आहे, आणि म्हणणाऱ्याच्या सुरावर अवलंबून थोडा टोमणाही. 'मोठा'नं अजून आकार सोडलेला नाही, म्हणून तो उपयोगी.

मग नावही 'मोठा गॅट्सबी' करायचं का? छे! ऐकूनच हसू येतं. धाकटा कुठेय, असं कुणीतरी विचारेल. बरं, नुसतं 'ग्रेट' ठेवावं, तर मराठीत त्याची आता 'चहा ग्रेट झालाय' इतकी पातळ शाबासकी झालीय.

पण ज्यांनी लहानपणी 'द ग्रेट रॉयल सर्कस'ची पोस्टरं पाहिलीत, त्यांना वेगळा 'ग्रेट' माहीत आहे. तंबू, दिवे, बँड, आणि आत जे दिसेल त्यावर अर्धा विश्वास. गॅट्सबीच्या मेजवान्या नेमक्या तशाच असतात: पाहुण्यांची झुंबड, आणि यजमान कोण हे निम्म्यांना ठाऊक नाही. आमच्या मते शीर्षकाचा पहिला सूर हा आहे. तेव्हा नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवा, फक्त तो सुरुवातीचा 'द' गाळू नका. पोस्टरवर तो असायचाच.